मोरोक्कोचा गालिचा: ६० वर्षं जुना की ६ महिने?

उंबराची_सावली
नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकायचा कळलं नाही म्हणून इथे टाकतेय, चुकला असेल तर हलवा.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही मोरोक्कोला जाऊन आलो. माराकेशच्या बाजारात, तिथे सूक म्हणतात, एका गालिच्यांच्या दुकानात नुसतं बघायला म्हणून शिरलो आणि दीड तासाने गालिचा घेऊनच बाहेर पडलो. त्या दीड तासात तीनदा पुदिन्याचा चहा झाला (इतका गोड की आपला लग्नातला चहा परवडला), दोन पोरांनी तीसेक गालिचे आमच्यापुढे धपाधप उलगडले, मालकाने एक धागा उपटून लायटरने जाळून दाखवला, केस जळल्यासारखा वास आला, म्हणाला बघा अस्सल लोकर, ६० वर्षं जुना, बेनी ओरैन, एका आजीने स्वतःच्या लग्नासाठी विणलाय. मग नक्षीवर आला. ही शंकरपाळी म्हणजे गर्भ, ही नागमोडी म्हणजे नदी, आणि ही मध्येच तुटलेली रेघ दिसते ना, तिथे तिचा नवरा वारला. मी रडायच्या बेतात. माझा नवरा (जिवंत) पाकीट चाचपत होता.

आता मुद्दा. पांढऱ्यावर तपकिरी शंकरपाळ्या आहेत आणि एका टोकाला चार बोटं गुलाबी पट्टा. पुण्यात पाऊस सुरू झाल्यापासून त्याला स्विमिंग पूलसारखा वास यायला लागलाय. परवा सोफा सरकवला तर खाली बारीक पांढऱ्या अळ्या, कसर लागलीये बहुतेक. आणि साबा (सासूबाई) रोज विचारतात की हे घोंगडं हॉलमध्ये का पसरलंय. तर प्रश्न असे: १) हा खरंच जुना आहे का २) धुवायचा कसा ३) त्या नक्षीच्या अर्थात काही तथ्य आहे का.

पाव_भाजी_सम्राट
केवढ्याला पडला ते लिहायचं राहिलं ताई.

रबात_रिटर्न
सावली, वाचून हसू आलं, रागावू नकोस. मी तीन वर्षं मोरोक्कोच्या राजधानीत, रबातला होते आणि पहिल्या महिन्यात मी पण अशीच रडून एक गालिचा घेतला होता, माझ्या आजीचा नवरा दोन ठिकाणी वारला होता.

आधी वासाचं. तो क्लोरीनचा वास आहे. नवा गालिचा जुना दिसावा म्हणून तो ब्लीचच्या पाण्यातून काढतात आणि मग दिवसेंदिवस गच्चीवर नाहीतर माळरानावर उन्हात पसरून ठेवतात, भडक रंग उतरून ते मऊसर फिकट दिसायला लागतात आणि परदेशी गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. हे तिकडे कुणी लपवत पण नाही, माराकेशबाहेर मोकळ्या जागांवर गालिचेच गालिचे वाळत घातलेले मी गाडीतून पाहिलेत. तू एक कर, गुलाबी पट्ट्यावरची लव दोन्ही अंगठ्यांनी फाकव आणि बुडाशी गाठीजवळ बघ. तिथे राणी कलर निघाला आणि वर फिकट गुलाबी असेल तर समज. अर्थात जुना गालिचा पण वरून विटतोच, पण तो वर्षानुवर्षं हळूहळू विटतो, एका उंचीवर कापल्यासारखा विटत नाही.

जाळून दाखवणं म्हणजे निव्वळ नाटक. लोकर आहे की ॲक्रिलिक एवढंच त्याने कळतं, ॲक्रिलिक वितळून काळा मणी होतो, लोकरीची राख चुरगळते. वय त्यातून कसं कळणार.

बेनी ओरैन हे काही डिझाइनचं नाव नाही, ती माणसं आहेत. मध्य ॲटलास डोंगरांच्या ईशान्य टोकाला, ताझा गावाच्या आसपास १७ टोळ्यांचा एक गट आहे, त्यांचं नाव. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतं, त्यामुळे लव लांब ठेवायची पद्धत, अंथरायला पांघरायला दोन्हीला. मेंढीच्या मूळ पांढऱ्या लोकरीवर तपकिरी किंवा काळ्या लोकरीच्या रेघा, रंग जवळजवळ नाहीच. त्यामुळे तुझा गुलाबी पट्टा बघता तुझा बेनी ओरैन असेल असं मला तरी वाटत नाही, पण फोटो टाक, मग बोलू.

टीकाराम
नक्षीच्या अर्थाबद्दल: शून्य तथ्य. दुकानदार तेच तिन्ही अर्थ पुढच्या गिऱ्हाईकाला दुसऱ्या गालिच्यावर सांगतो. गर्भ, पाणी, सुपीकता. युरोपियन बायकांना हे आवडतं म्हणून ते तयार झालंय.

उंबराची_सावली
फोटो चढत नाहीये, साइट एरर देतेय. लव फाकवून बघितली. राणी कलर. अगदी चमचमीत राणी कलर. आता मला खरंच रडू येतंय.

मंजिष्ठा
राणी कलर निघाला म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नका. रासायनिक रंग १८५६ मध्ये निघाले आणि १९व्या शतकाच्या शेवटी उत्तर आफ्रिकेच्या बाजारात पोचले पण, तेव्हा आजीच्या आजीने विणलेल्या खऱ्या गालिच्यात सुद्धा पुडीतला गुलाबी सापडतो. त्या बायकांना तो हवा होता, स्वस्त होता, झळझळीत होता, चार दिवस मुळं उकळत बसायला नको. नैसर्गिक रंगांचं प्रेम हे आपलं, शहरातल्यांचं.

मी स्वतः रंगकाम करते म्हणून तिकडच्या रंगांची यादी वाचली की घरचंच वाटतं. लाल रंगाला फुव्वा, ती आपल्या मंजिष्ठेची बहीण, मुळंच वापरतात. डाळिंबाची सालं, मेंदी, अक्रोडाची साल, रंग पक्का करायला तुरटी, काळ्यासाठी लोखंड. आणि निळीला तिकडे नीला म्हणतात, तो शब्द मूळ आपल्याच नील वरून अरबीत गेलेला.

एक थाप मात्र पक्की ओळखून ठेवा, पिवळा रंग केशराचा आहे ही. तिकडे तालियुईनला केशर पिकतं हे खरं, पण एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, एका फुलात तीनच काड्या. गालिचाभर लोकर केशरात बुडवली तर गालिच्याहून रंग महाग पडेल. पिवळा बहुतेक वेळा डाळिंबाचा किंवा रानफुलांचा नाहीतर सरळ डब्यातला.

पाव_भाजी_सम्राट
केशराचं सोडा, किती दिरहम ते सांगा की.

जिरायती
सावलीताई, साबांना घोंगडं म्हणू द्या, चूक नाही त्यांची. आमचं गाव माण तालुक्यात, चुलते अजून मेंढ्या राखतात. आमच्याकडे घोंगडी विणतात ते सनगर, खड्डामागावर, म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. लोकर कातायचं काम बायकांचं आणि मागावर बसायचा तो बाप्या. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्याने ती कडक होते, नवी घोंगडी अंगाला टोचते ती त्यामुळे पण. तर मला विचारायचं होतं की तिकडे मागावर कोण बसतं आणि माग आपल्यासारखाच असतो का? आणि मेंढीचं काय, लोकरीला भाव मिळतो का? आमच्याकडे कात्रणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही, लोक लोकर बांधावर टाकून देतात, मेंढी आता मटणासाठीच.

रबात_रिटर्न
जिरायती दादा, तिकडे खेड्यापाड्यात बरोब्बर उलटं. घरातला माग बायकांचा. पुरुष विणतात ते शहरात, आडव्या पायमागावर, जेलाब्याचं (तिकडचा पायघोळ झगा) कापड वगैरे.

मी ताझनाख्तच्या बाजूला एका घरी दोन दिवस राहिले होते, आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या बाईचं माहेर. उंच कोरडा डोंगराळ भाग आहे, सिरवा पर्वताच्या अंगाला, तिथली मेंढी त्याच नावाची, लोकर लांब आणि चकचकीत. (एक सांगून टाकते, या लोकांना बर्बर म्हणतात तो बाहेरच्यांनी ठेवलेला शब्द आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो आवडत नाही, ते स्वतःला अमाझीघ म्हणवतात. २०११ पासून त्यांची भाषा मोरोक्कोच्या घटनेत अरबीच्या बरोबरीने आली.)

तर ताणा भरताना मी बघितलं. अंगणात दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, आमच्या अंदाजाने पंधरा पावलांवर, दोन बायका दोन खुंट्यांपाशी बसल्या आणि तिसरी, तिची वहिनी, हातात लोकरीचा गुंडा घेऊन या खुंटीवरून त्या खुंटीवर ये जा करत राहिली. सकाळी सुरू केलं ते दुपारच्या नमाजाच्या वेळेपर्यंत ती चालतच होती, बसलेल्या बायका प्रत्येक फेरीला धागा पकडून अडकवायच्या आणि तोंडाने अखंड गप्पा, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या सुनेने काय केलं. मी म्हटलं मी चालते थोडं, तर चार फेऱ्यांत माझा धागा सैल पडला म्हणून मला उठवून चहा करायला पाठवलं.

मग तो सगळा ताणा उचलून दोन आडव्या लाकडांना बांधला आणि भिंतीशी उभा केला. उभा माग. त्याला अस्ता म्हणतात. खड्डा नाही, पायटे नाहीत, धोटा पण नाही, बोटांनीच बाणा (आडवा धागा) ओवायचा आणि लोखंडी पंजाने धप धप ठोकून बसवायचा. आपल्याकडे सतरंजी विणणाऱ्यांकडे असतो ना पंजा, तसलाच, फक्त जड. तो आवाज घरभर दिवसभर असतो. ताण्याचा धागा वेगळा बरं का, त्याला लांब केसांची विंचरलेली लोकर, छोट्या टकळीवर घट्ट पीळ देऊन. बाण्याला आणि गाठींना पिंजलेली आखूड लोकर, मोठ्या चातीवर सैल कातलेली. दोन्हीला एकच धागा वापरला तर एक तर ताणा तुटतो नाहीतर गालिचा पुठ्ठ्यासारखा होतो, असं ती म्हणाली.

आणि शेवट. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी एक गालिचा पूर्ण होऊन मागावरून कापायचा होता, मला मुद्दाम बोलावलं. म्हातारीने कापायच्या आधी वाटीतून पाणी घेतलं आणि ताण्यावर शिंपडलं, ओठात काहीतरी म्हणाली. मी विचारलं हे काय, तर सून म्हणाली मागाला रूह असते, ताणा चढला की तो जन्मतो, विणून झाला की म्हातारा होतो, आता मरणार म्हणून त्याला पाणी पाजलं. आपण शेवटच्या घोटाला पाणी घालतो तसंच. मग कात्रीने कचाकचा कापला आणि घडी घालून कोपऱ्यात टाकला आणि सगळ्या जेवायला बसल्या. मी एकटीच डोळे पुसत होते, त्यांना काहीच नव्हतं.

लोकरीचा भाव: बाजारात लोकर विकत घ्यावी लागते, स्वतःच्या मेंढ्या पुरत नाहीत बऱ्याच जणींना. परवडत नाही म्हणून तर बुशरवीत निघाले ना, चिंध्यांचे गालिचे, जुने स्वेटर, टीशर्ट, नायलॉन, काय मिळेल ते फाडून गाठी मारायच्या. १९६०-७० नंतर ते वाढले. आता तेच पॅरिसमध्ये भिंतीवर टांगतात.

अर्धा_कप
म्हणजे गोधडी! आमच्या आजीच्या गोधडीत आजोबांच्या धोतरापासून माझ्या शाळेच्या स्कर्टपर्यंत सगळं होतं, ती कुणी टांगली नाही भिंतीवर, शेवटी कुत्र्याखाली गेली.

खारा_वारा
चर्चा मोरोक्कोपुरती नको, ट्युनिशियाचं पण घ्या. जहाजावर होतो, नंतर कामानिमित्त दोन वर्षं स्फॅक्सला काढली. सुट्टीत फिरायचो.

तिथलं गालिच्यांचं गाव म्हणजे कैरवान. तिथे गाठींचा गालिचा तो झरबिया, नुसत्या मूळ लोकरीच्या रंगांत, पांढरा, करडा, तपकिरी असा असेल तर अलूशा, आणि बिनलवेचा सपाट तो मरगूम. गोष्ट अशी सांगतात की १८३० च्या सुमारास तुर्की अधिकाऱ्याची मुलगी कामला हिने तिथे पहिला गालिचा विणला. खरं खोटं ती कामला जाणे, पण नक्षीवर तुर्की छाप दिसतो. गंमत म्हणजे त्यांच्याकडे गालिच्यावर सरकारी शिक्का मारतात, दर्जा लिहून. दहा सेंटिमीटरमध्ये आडव्या २० उभ्या २०, म्हणजे चौरस मीटरला ४०,००० गाठी ही नेहमीची घनता, बारीक कामात ती बरीच वर जाते. मी एकदा हिशोब करायला बसलो, तीन बाय दोन मीटरच्या गालिच्यात २,४०,००० गाठी, आणि मग दुकानदाराशी घासाघीस करायची हिंमत झाली नाही.

पण मला जे आवडलं ते वेगळंच. दक्षिणेला मातमाता, शेनिनी या डोंगरातल्या गावांत बायका डोक्यावरून घेतात ती लोकरीची शाल, बख्नूग. जेरबा बेटावरच्या म्युझियममध्ये एक बघितली, गडद लाल, आणि त्यावर कासाराच्या सुईने कोरल्यासारखी पांढरी शुभ्र बारीक नक्षी. मला वाटलं भरतकाम. तिथल्या माणसाने सांगितलं ते ऐकून मी दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून उभा होतो. शाल विणताना पूर्ण पांढरी असते. पांढऱ्या लोकरीत पांढऱ्या सुताने नक्षी विणायची. पांढऱ्यात पांढरं, विणणारीला स्वतःला धड दिसत नाही, बोटांनी मोजून चालायचं. विणून झाली की अख्खी शाल रंगात बुडवायची. लोकर रंग पिते, सूत त्या रंगाला धरतच नाही. बाहेर काढली की लोकर लाल आणि नक्षी पांढरी, आपोआप! आणि तोच माणूस म्हणाला की पोरीची शाल पांढरी, लग्न झालं की लाल, म्हातारपणी निळी काळी, म्हणजे एकच शाल पुन्हा पुन्हा बुडवत गेलं तरी चालेल, दर वेळी नक्षी तशीच शाबूत.

मंजिष्ठा
खारा_वारा, हे भारी आहे. आणि बरोबर आहे, लोकर प्राणिज आणि सूत वनस्पतीचं, लोकरीवर चढणारे बरेच रंग सुतावर टिकतच नाहीत. आमच्या क्षेत्रात हे डोकेदुखी म्हणून शिकवतात, मिश्र कापड एकसारखं रंगत नाही म्हणून. त्यांनी त्या डोकेदुखीचीच नक्षी केली. निळीत मात्र जपायला हवं, नीळ सुतावर पण चढते, त्यामुळे तिथली गडद निळी कशाने करतात ते बघायला आवडेल.

जिरायती
खारा_वारा दादा, जेरबात पण बायकाच विणतात का?

खारा_वारा
नाही, जेरबा बेटावर पुरुष. आणि तुमच्या खड्डामागाच्या पुढची पायरी, तिथे अख्खी मागशाळाच जमिनीत. अर्धी जमिनीखाली, वर जाड भिंती आणि दर्शनी बाजूला त्रिकोणी माथा, लांबून छोट्या देवळासारखी दिसते. आत उन्हाळ्यात गार आणि हवा दमट, कोरड्या हवेत लोकरीचा धागा तुटतो म्हणून. घोंगड्या, पांघरुणं विणायचे. बऱ्याच आता बंद पडल्यात. २०२३ मध्ये जेरबा युनेस्कोच्या यादीत गेलं, आता तरी डागडुजी होईल.

गाठ_निरगाठ
उशिरा आलो. मी गालिच्यांच्या एक्स्पोर्टमध्ये १४ वर्षं काढली, तेव्हा सावलीताईंना एक वाईट बातमी देऊ का? ऑनलाइन जे ‘मोरोक्कन’ म्हणून विकलं जातं त्यातलं खूपसं आपल्या भदोही मिर्झापूरकडचं असतं. पांढऱ्यावर काळ्या शंकरपाळ्या, ऑर्डर मिळेल तेवढं. आम्ही स्वतः कंटेनर भरून पाठवलाय. कामात काही खोट नाही, नाव तेवढं दुसऱ्याचं.

पाव_भाजी_सम्राट
हाहाहा म्हणजे पुण्याच्या माणसाने उत्तर प्रदेशचा गालिचा माराकेशला जाऊन विकत घेतला. ताई आता तर किंमत सांगाच.

उंबराची_सावली
प्लीज नको. आता हे ऐकायचं राहिलं होतं. हे कसं ओळखायचं??

गाठ_निरगाठ
घाबरू नका, सोपं आहे. टोकाच्या झालरी बघा, झालर म्हणजेच ताणा. आपल्याकडच्या मालात ताणा बहुतेक सुती असतो, पांढरा, गुळगुळीत, सगळे धागे सारखे. खेड्यातल्या अमाझीघ गालिच्यात ताणा बहुधा लोकरीचा, हाताने कातलेला, कुठे जाड कुठे बारीक. (शहरी रबातचे गालिचे आणि अलीकडचे काही यात बसणार नाहीत, त्यांत सूत असतं.) एक धागा तोडून जाळा, कागदासारखा जळला तर सूत. दुसरं, टेप घेऊन रुंदी मोजा, वर, मध्ये, खाली. आमचा माल दोन सेंटिमीटर इकडे तिकडे झाला की गिऱ्हाईक परत करायचं. तिसरं, उलटी बाजू. गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचे नुसते किती धागे आहेत ते मोजा. तिकडे चार सहा कधी त्याहून जास्त टाकतात, म्हणून गालिचा चादरीसारखा लोळतो. आपल्याकडे एक दोन, गालिचा ताठ.

टीकाराम
चला, कुणीतरी मोजता येण्यासारखं बोललं. गर्भ आणि नदीपेक्षा हे बरं.

रबात_रिटर्न
टीकाराम, त्यावर मला बोलायचंच होतं. तुम्ही अर्धे बरोबर आहात. मी त्या घरी वहीत एकेक नक्षी काढून विचारत बसले होते, हे काय, ते काय. उत्तरं अशी: कात्री. आरसा. चहाची किटली. बेडकाचा पाय. विंचू. एक शंकरपाळी दाखवून विचारलं तर सासू म्हणाली डोळा, सून म्हणाली आरसा, शेजारीण म्हणाली दोघींना काही कळत नाही, आमच्या माहेरी याला काहीतरी वेगळंच म्हणतात. गर्भ कुणी म्हणालं नाही. मग मी विचारलं अर्थ काय पण? तर तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. आपल्या आजीला ठिपक्यांच्या रांगोळीतलं कासव दाखवून विचारा अर्थ काय, ती म्हणेल कासव आहे, दिसत नाही का. अगदी तोच चेहरा.

पण म्हणून शून्य तथ्य म्हणू नका. शंकरपाळीतला डोळा नजर परतवतो हे सासूने स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, त्यातली रेघ न् ठिपके गालिच्यात होते. पाच बोटांचा पंजा दारावर पण आणि विणकामात पण. आपण तान्ह्या बाळाला काजळाचा ठिपका लावतो तो काही पुस्तकात वाचून लावत नाही.

टीकाराम
दृष्टीचं मान्य. पण तुटलेली रेघ म्हणजे नवरा वारला हे?

रबात_रिटर्न
तुटलेली रेघ म्हणजे तपकिरी लोकर संपली. रंगवलेली नसते ना ती, तपकिरी मेंढीच असते, दोन तीन असतात कळपात, पुढची लोकर पुढच्या वसंतातल्या कात्रणीला.

अर्धा_कप
नवऱ्यापेक्षा मेंढीची गोष्ट मला जास्त आवडली.

खारा_वारा
शिक्क्याचं मोरोक्कोत पण होतं. फ्रेंच आले १९१२ ला, १९१९ मध्ये त्यांनी कायदा करून अस्सल गालिच्यावर सरकारी शिक्का सुरू केला, म्हणजे नकलीची बोंब तेव्हाही होती. त्यांचा प्रॉस्पेर रिकार म्हणून अधिकारी होता, त्याने १९२३ पासून मोरोक्कोच्या गालिच्यांचे मोठे ग्रंथ काढले, टोळीवार नमुन्यांसकट. त्याचा दुष्परिणाम असा की पुस्तकात छापलेला नमुना तेवढा अस्सल, आणि बाईने मनाने काही बदललं की ‘बिघडलं’.

उंबराची_सावली
रिपोर्ट देते. आज सुट्टी होती, दुपारभर मी, मुलगी आणि साबा तिघी जमिनीवर. साबांनीच टेप धरली, त्यांना आता यात रस आलाय.

झालर जाळली, केसांचा वास, लोकर. आणि धागा खरंच सारखा नाहीये, मध्येच जाड गाठोडं, मग एकदम बारीक. रुंदी वर १६१, मध्ये १५४, खाली १६६. साबा म्हणाल्या बाई जेवायला उठली की सैल पडलं असेल. उलट्या बाजूला गाठींच्या ओळींमध्ये बाणा मोजला, कुठे ५, कुठे ७, एके ठिकाणी मुलीने ९ मोजले. आणि ती तुटलेली रेघ तुटलेली नाहीच, बोटाने लव बाजूला केली तर रेघ चालूच आहे, फक्त तपकिरीऐवजी करडी लोकर घेतलीये, इतकी फिकट की वरून पांढऱ्यात मिसळून जाते. बारा ओळी करडी आणि मग परत तपकिरी.

आणखी एक. मधल्या शंकरपाळीत लवेच्या बुडाशी काहीतरी टोचलं म्हणून बघितलं तर एक गवताचं कुसळ, गाठीत अडकून बसलेलं.

गाठ_निरगाठ
भदोही नाही. अभिनंदन. गिरणीतल्या धुतलेल्या पिंजलेल्या लोकरीत कुसळ सहसा राहत नाही, हाताने विंचरलेल्यात राहतं. ६० वर्षं जुना मात्र नाही, उलटी बाजू झिजून गुळगुळीत झालेली असती. चार पाच वर्षांचा असेल, ब्लीच मारलेला.

जिरायती
आमच्या घोंगडीत पण असतात कुसळं. नवी घोंगडी आणली की पहिले चार दिवस सगळे मिळून वेचत बसतो.

उंबराची_सावली
मग तिला किती मिळाले असतील? विणणाऱ्या बाईला? परवापासून हेच डोक्यात आहे.

रबात_रिटर्न
आकडा नको, प्रत्येक ठिकाणी वेगळा. पण रस्ता सांगते. बाई विणते, घरचा पुरुष आठवडी बाजारात नेतो, बाजाराच्या दिवशी पहाटे दलाल, दलालाकडून मोठा व्यापारी, मग माराकेशचं दुकान, मग तुला चहा पाजणारा. गाईड बरोबर असेल तर त्याचं कमिशन वेगळं, ते कमी नसतं. लोकरीचे पैसे वजा केले तर हाती जे राहतं त्याला मजुरी म्हणायला लाज वाटते. आता काही ठिकाणी बायकांच्या सहकारी संस्था आहेत, गालिच्याला चिठ्ठी लावतात, कुणी विणला, किती दिवस लागले, काही जणी फोनवरून थेट फोटो टाकून विकतात. पण पाटी सहकारीची आणि मागे मालक एकच असंही असतं. मी एक साधी गोष्ट करायचे, दुकानात विचारायचे की हिचं गाव कुठलं. पर्वतांमध्ये, बर्बर गाव, असं गोल गोल उत्तर आलं तर चहा पिऊन उठायचे.

सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात ॲटलासमधली कित्येक गावं झोपली. आमच्या त्या बाईच्या माहेरची भिंत पडली, माग त्याच भिंतीला होता. महिनाभराने तिने फोटो पाठवला, तंबूच्या शेजारी उभा केलेला अस्ता, दोन्ही बाजूंना दगड रचून आधार दिलेला.

मंजिष्ठा
धुण्याचं राहिलंच. मशीन नाही, गरम पाणी नाही, ड्रायक्लीनला पण देऊ नका, ब्लीचने लोकर आधीच कोरडी ठिसूळ झालीये. पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका, आत्ता धुतला तर आठवडाभर वाळणार नाही आणि कुबट वास पण लागेल. आत्ता फक्त दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, सोफ्याखालचा भाग दोनदा, कसर अंधारात आणि न हलवलेल्या जागीच वाढते. ऊन पडलं की उलटा पालटा करून कडक उन्हात चार चार तास. ऑक्टोबरात गार पाण्यात रिठा, आधी गुलाबी पट्ट्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का बघा. सुटत असेल तर नुसतं पुसून घ्या. डांबराच्या गोळ्या थेट लवेवर नको, कापडात बांधून. तिकडे सुद्धा लोकर धुवायला फेस येणारी एक मुळीच वापरतात, तेव्हा रिठा त्याला परका वाटणार नाही.

उंबराची_सावली
धन्यवाद सगळ्यांना. गालिचा हॉलमध्येच राहतोय. साबांनी काल शेजारच्या काकूंना बोलावून करड्या लोकरीच्या त्या बारा ओळी दाखवल्या आणि म्हणाल्या, तपकिरी मेंढी संपली होती. कुसळ मुलीने काढायला घेतलं होतं, साबांनी हात धरला.

पाव_भाजी_सम्राट
सगळं झालं. धुणं झालं, भूकंप झाला, मेंढी झाली. किंमत?

उंबराची_सावली
नवरा पण याच साइटवर असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.